थोरल्याची टाळू

केतकी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, तेव्हा तिच्या खोलीत पंखा नव्हता. छताला नुसता हूक होता आणि हुकाभोवती धुळीचं गोल कडं.

"आई, पंखा कुठाय?"

यमुनाबाईंनी लेकीची बॅग खाटेखाली सरकवली. "त्याला लावलाय."

"कुणाला?"

"थोरल्याला."

केतकी एकुलती एक. तिनं आईकडे पाहिलं, आईनं खिडकीकडे. बाहेर परसात, जिथं पूर्वी स्ट्रॉबेरीचे वाफे होते, तिथं पॉलिहाऊसचा पांढरा कागद धुक्यात फुगल्यासारखा दिसत होता. आत काहीतरी होतं, बसलेल्या म्हशीएवढं, केशरी, सुस्त. त्याच्या डोक्यावर केतकीचा पंखा अगदी हळू फिरत होता, झोपलेल्याला जाग येऊ नये तसा.

"भोपळा?" केतकी म्हणाली.

"हळू बोल," यमुनाबाई म्हणाल्या. "तुझे बाबा तिथंच आहेत."

सोनदरे हे गाव पठाराच्या कडेला आहे. सकाळी दरी धुक्यानं भरते आणि दुपारपर्यंत गाव तरंगत असतं. केतकीचे बाबा, हैबतराव रांजणे, तिथले, पण त्यांचा जन्म गेला तालुक्याच्या एसटी स्टँडवर, कंट्रोलरच्या खिडकीत. कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागेल हे त्यांच्या आवाजाशिवाय कुणाला कळत नसे. मग गाड्या आपल्या आपण चालायला लागल्या, आपली वेळ आपणच सांगायला लागल्या, आणि हैबतराव घरी आले. ज्याचं ऐकून अख्खा स्टँड इकडून तिकडे पळायचा, त्याचं घरात कोण ऐकणार? मांजरसुद्धा ऐकत नव्हतं. अशा माणसाला काहीतरी मोठं हवं असतं. पठारावरची महाभोपळ्याची स्पर्धा त्यांना बरी सापडली.

हा छंद दिसतो तितका भोळा नाही. एका वेलाचा सगळा संसार एकाच फळावर उधळायचा असतो. वेलाला फळं धरतात बरीच, पण अंगठ्याएवढी झाली की एक ठेवून बाकीची खुडायची. मग सुपाएवढाली पानं दिवसभर उन्हाची साखर करतात आणि मनगटाएवढा वेल ती सगळी त्या एकाच्या तोंडी नेऊन घालतो. भरात आलेला भोपळा एका दिवसात पहिलीतल्या पोराएवढं वजन चढवतो. फार उकडलं तर साल कडक होते आणि वाढ थांबते. फार भराभर वाढला तर तडकतो, आणि तडकलेला भोपळा स्पर्धेत बाद. म्हणून त्याला सावली, पंखा, थंडीत गोधडी, बुडाखाली वाळूची गादी. आदल्या वर्षी हैबतरावांचा भोपळा तोलाला न्यायच्या आठवड्यातच तडकला होता. स्पर्धेला निघालेली बहुतेक माणसं त्याच्याही आधी अर्ध्यातच थकतात. म्हणतात, कुणी सांगितलंय हे!

या थकण्यावर पुण्याच्या एका बियाणे-प्रयोगशाळेनं उपाय काढला. तिथल्या डॉ. मृण्मयी केळशीकरांच्या डोक्यात साधा प्रश्न आला. माणूस तान्ह्या बाळाला कंटाळत नाही, ते का? झोपू देत नाही, बोलत नाही, उपयोग शून्य. तरी माणूस त्याच्याभोवती फिरत राहतो. त्याचं थोडंसं उत्तर बाळाच्या टाळूत आहे. तान्ह्याच्या डोक्यावरून एक द्रव्य हवेत उडत असतं. नाकाला त्याचा वास असा जाणवतच नाही, पण मेंदूला थेट निरोप पोचतो: हे आपलं आहे, सांभाळ. आणि भोपळ्याच्या सालीवर जो मेणाचा पातळ थर असतो, तो याच द्रव्याच्या भाऊबंदांचा बनलेला. मेण बनवणाऱ्या साखळीतली एक कडी बदलली, की साल बाळाच्या टाळूसारखा निरोप सोडायला लागते. त्या बियाण्याचं नाव ठेवलं 'जिव्हाळा-३'. एक आणि दोनचं काय झालं, ते कुणी विचारलं नाही.

फरक एवढाच, की बाळाची टाळू तळहातावर मावते. हैबतरावांच्या भोपळ्याला खोली पुरत नव्हती.

बापाला भेटायला केतकी पॉलिहाऊसमध्ये गेली. आतलं ऊन ताकासारखं पांढरं होतं. पानांच्या छत्र्यांखाली गारवा होता आणि सगळ्यावर एक गुंगी, जेवण झाल्यावर ओसरीवर कलंडल्यासारखी. भोपळ्याला टेकून पाच-सहा पुरुषमाणसं बसली होती. कुणी बोलत नव्हतं. हैबतराव वाटीत बोट बुडवून देठाजवळच्या खळग्यात तेल जिरवत होते.

"आलीस का," ते म्हणाले. आवाज इतका मऊ, की केतकीला वाटलं दुसरंच कुणी बोललं. "ये. हात लावून बघ. हळूच."

तिनं हात लावला. साल गार होती आणि आतून खोलवर काहीतरी भरत चालल्यासारखं वाटत होतं. तिला उगीचच रडू आलं, आणि मागोमाग, का कोण जाणे, भयंकर राग आला.

"बाबा, माझा पंखा!"

"तू मोठी आहेस ना," हैबतराव म्हणाले.

तिला कोपऱ्यात सर्जेराव शेलारही दिसले, आणि ती चाटच पडली. शेलारांचा आणि रांजण्यांचा बांध म्हणजे सोनदऱ्यातलं जुनं रणांगण. दगड एका वितीनं सरकला म्हणून दोन घरांत कोर्टकचेरी झालेली. 'वेल बांध ओलांडून आमच्यात आला' अशी तक्रार घेऊन सर्जेराव मृगाच्या सुमारास कोयता परजत आले होते. भोपळ्याशी आले, बसले, आणि सांज झाली तरी उठेनात. दुसऱ्या दिवशी त्यांनीच बांधाचा दगड आपल्या हद्दीत आत ढकलला. म्हणाले, "लेकराला पाय पसराया जागा नको व्हय?"

तेव्हापासून गावात एक अजब हिशेब सुरू झाला. पुरुषांचे आवाज खाली येत गेले. पारावरची भांडणं बंद, पत्त्यात कुणी चिडेना, पोलीसपाटील दुपारभर पॉलिहाऊसमध्ये पेंगायचे. आणि खाली गेलेला तो सगळा आवाज कुठंतरी जमा व्हायला हवा होता, तसा तो बायकांकडे झाला. नवऱ्याला जेवायला बोलवायला म्हणून त्या तिथं यायच्या, दोन मिनिटं थांबायच्या आणि परत जाताना त्यांच्या चालीला धार आलेली असायची. सर्जेरावांच्या हौसाबाईंनी सातबाऱ्यावर नाव लावायचा अर्ज दिला. दूध संकलनवाल्याला बायकांनी घेरून काटा तपासायला लावला. ग्रामसभेत पाण्याच्या टाकीवरून त्या असं काही बोलल्या, की ग्रामसेवकानं बदली मागितली. पुरुष म्हणाले, बायकांना झालंय काय? बायका म्हणाल्या, बाप्यांना झालंय काय? दोन्ही प्रश्नांचं उत्तर परसात बसून वाढत होतं. त्याला सगळं गाव 'थोरले' म्हणायला लागलं होतं. रांजण्यांच्या घरात मुलगा नाही, हे गाव विसरलं नव्हतं; गाव अशा गोष्टी विसरत नाही.

केतकीला मुलगा झाला, तालुक्याच्या दवाखान्यात. हैबतराव बघायला आले. नातवाकडे पाहून म्हणाले, "छान आहे. फारच छोटा आहे पण." मग खिडकीतून आभाळाकडे बघत राहिले. थोरल्यावर गोधडी टाकायची राहिली होती.

घरी आल्यावर खरी अडचण सुरू झाली. बाळ दूध धरेना. केतकी त्याला छातीशी घ्यायची, तो तोंड फिरवायचा, मान इकडून तिकडे नुसती भिरभिरायची, आंधळ्यानं दार चाचपावं तशी. मग रडून रडून झोपायचा. दूध काढून वाटी-चमच्यानं पाजावं लागायचं. आरोग्य केंद्राच्या आशाताई रोज वजन करून जायच्या आणि रोज "बघू उद्या" म्हणायच्या.

हे एवढंच असतं तर केतकीनं सोसलं असतं. पण एका दुपारी ती खिडकीशी उभी होती. खाटेवर बाळ रडत होतं आणि ते रडणं तिला शेजारच्या घरातून आल्यासारखं लांबचं वाटत होतं. तेवढ्यात वारा फिरला. पॉलिहाऊसचा कागद हलला, परसातून ती पांढरी गुंगी आत आली, आणि केतकीचा पान्हा फुटला. ब्लाउज भिजला. भोपळ्याच्या वाऱ्यानं.

यमुनाबाई तेल घेऊन आल्या तर लेक भिंतीला टेकून खाली बसलेली.

"आई, माझं बाळ मला माझं वाटत नाहीये गं."

"असं होतं पहिल्या पहिल्यांदा."

"असं नाही होत! मी त्याच्या डोक्याला नाक लावते, मला काहीच कळत नाही. आणि तो... तो तिकडचा..." तिनं भिजलेल्या ब्लाउजकडे बोट दाखवलं.

यमुनाबाईंनी तेलाची वाटी खाली ठेवली आणि बियाण्याच्या पाकिटावरच्या नंबरला फोन लावला. त्यांनी आयुष्यात कुणाला फोनवर झापलं नव्हतं. त्या दिवशी झापलं. डॉक्टर मृण्मयी दुसऱ्याच दिवशी पुण्याहून आल्या, त्यावरून काय ते समजा.

मृण्मयी चाळिशीची, साध्या कुर्त्यातली बाई. पॉलिहाऊसमध्ये जाताना तिनं नाकाला फडकं बांधलं. बाहेर आली, ओसरीवर बसली आणि चहा हातात धरूनच बोलायला लागली.

"चूक आमची आहे, मावशी. आधी बाळाचं सांगते. तान्हं मूल डोळ्यांनी आई शोधत नाही, वासानं शोधतं. आणि आईही मूल ओळखते ती बरीचशी वासानं. पण नाकाचं असं असतं, की एकच वास फार झाला की ते तो मोजणंच सोडून देतं. तुमच्या घरात शंभर बाळांची टाळू रात्रंदिवस उडतेय. त्यात हे एक, तीन किलोचं. त्याचा आवाज कुणाला ऐकू येणार? ते आईला सापडत नाही, आई त्याला सापडत नाही."

"आणि हे बाप्ये असे मेणासारखे का झालेत?" हौसाबाईंनी विचारलं. त्या अर्ज कुठवर आला ते सांगायला आल्या होत्या आणि थांबल्या होत्या.

मृण्मयीनं चहाचा घोट घेतला. "हा निरोप पुरुषांना वेगळा पोचतो, बायकांना वेगळा. पुरुषाचा राग निवतो. म्हणजे बाळाजवळ असताना बापाचा हात उठू नये. बाईचा राग उलटा पेटतो, म्हणजे बाहेरचं कुणी बाळाजवळ आलं तर ती सोडणार नाही. निसर्गानं हजारो वर्षांत बसवलेलं आहे ते."

"आणि हे तुम्हाला आधी दिसलं नाही?"

"चाचणीतले सगळे बागायतदार पुरुष होते. ते खूश होते. शांत झोप लागते म्हणाले."

"आणि त्यांच्या बायका?"

मृण्मयीनं कप खाली ठेवला. मग म्हणाली, "बायकांना आम्ही विचारलं नाही."

हौसाबाई आणि यमुनाबाईंनी एकमेकींकडे पाहिलं. त्या पाहण्यात पुण्याच्या सगळ्या प्रयोगशाळांचा निकाल लागला.

"आता उपाय?" यमुनाबाई म्हणाल्या.

"धुवून जात नाही, मेण पुन्हा धरतं. वेलापासून तोडला तरी साल वाळेपर्यंत वास येत राहील, महिनोन् महिने. पण एक सोय आम्ही ठेवलीय. भोपळा चिरला, की साल जखम भरायच्या मागे लागते आणि हे द्रव्य बनवणं बंद करते. तासाभरात वास संपतो. ती सोय नसती, तर त्याची भाजी कुणी खाल्ली असती?"

"चिरायचा म्हणजे स्पर्धा..."

"अख्खा लागतो ना स्पर्धेला? मग गेली स्पर्धा."

हैबतराव दारात उभे होते. त्यांनी ऐकलं होतं. ते रागावले नाहीत. म्हणाले, "चहा घ्या अजून, मॅडम," आणि परसात निघून गेले.

त्या दिवशी जेवताना केतकीनं विषय काढला. पूर्वी या घरात विषय काढला की भांडी आदळायची. बाप ओरडायचा, लेक त्याच्या वरताण, आणि अर्ध्या तासात दोघं एका ताटलीत चिवडा खात बसलेले. केतकीला त्या भांडणांची सवय होती. खरं म्हणजे तिचा भरवसा होता त्यांच्यावर.

"बाबा, स्पर्धा होईपर्यंत मी कळ सोसून काढले असते दिवस. ट्रक येऊन त्याला घेऊन जाईल, मग सुटले, असं धरून चालले होते. त्याला घेऊन गेल्यावर पुढं काय करणार तुम्ही?"

"परत आणायचं," हैबतराव म्हणाले.

"परत?"

"मग काय तिथं सोडून देऊ? परकी माणसं सगळी."

"तुम्हाला नातू झालाय. त्याचं वजन उतरतंय. तुमचं थोरलं मात्र रोज चढवतंय."

"होईल गं सगळं नीट. तू चिडू नकोस. भात घे."

"चिडा ना तुम्ही!" केतकी ओरडली. "एकदा चिडा माझ्यावर. म्हणा, गप बस, अक्कल नाही तुला. काहीतरी म्हणा!"

हैबतराव तिच्याकडे मायेनं बघत राहिले. पाण्यावर काठी मारावी, तसं होत होतं तिचं.

"या घरातली थोरली मी आहे, बाबा," ती म्हणाली. "तुम्ही त्याला थोरलं म्हणता, गाव म्हणतं, मी हसले, हसून सोडलं. पण थोरली मी आहे. उद्या सकाळची गाडी सांगितलीय मी. आजपर्यंत सासरहून इकडे येताना मी कधी विचार केला नाही, येऊ का म्हणून. आता परत येणार नाही. तो असेपर्यंत नाही, आणि तो गेल्यावर कशाला येऊ?"

ती उठून गेली. यमुनाबाईंनी नवऱ्याच्या पानात भात वाढला नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

सकाळी धुकं इतकं होतं, की पॉलिहाऊस घराला येऊन टेकल्यासारखं वाटत होतं. यमुनाबाई कोयता घेऊन अंगणात आल्या. इथं त्यांचं पाऊल अडलं. अडलं ते भीतीनं नव्हे, रितीनं. अख्खा भोपळा बाईनं चिरायचा नाही. भोपळा म्हणजे घरातला थोरला मुलगा. त्याच्यावर पहिला वार पुरुषानं करायचा, मग बाईनं फोडी कराव्यात. त्यांच्या आईनं असंच केलं, सासूनं असंच केलं. हैबतराव ड्युटीवर असले की यमुनाबाई बाजारातला एवढासा भोपळासुद्धा घेऊन शेजारी जायच्या आणि सर्जेरावांकडून चीर मारून आणायच्या. बांधाचं भांडण चालू असतानाही. भांडण वेगळं, भोपळा वेगळा.

म्हणून त्या आधी सर्जेरावांकडेच गेल्या. "भाऊजी, एक चीर मारून द्यायची आहे."

सर्जेराव कोयता घेऊन तयार झाले. बांधावरची बाभूळ ज्या हातानं एका दमात आडवी केली होती, त्याच हातानं त्यांनी पॉलिहाऊसचा पडदा उचलला. आत गेले. यमुनाबाई बाहेर थांबल्या. बराच वेळ काही आवाज आला नाही. त्यांनी डोकावून पाहिलं, तर सर्जेराव भोपळ्याला गाल लावून बसलेले. कोयता पायाशी.

"वहिनी," ते कुजबुजले, "निजलंय ओ."

मग पोलीसपाटील आले. पडद्याच्या आत चार पावलं त्यांचा रुबाब टिकला. पाचव्याला त्यांनी टोपी काढली आणि तिनं भोपळ्यावरची माशी हाकलायला लागले. तालमीतला एक पैलवान आला, तो तर रडायलाच लागला. असे एकामागून एक गावचे वाघ आत गेले आणि आतच राहिले. हौसाबाई बाहेर उभ्या राहून मोजत होत्या. "आता गावात बाप्या उरला न्हाई, यमुनाबाई. मारुतीला बोलवायचं का?"

"तोही बसेल," यमुनाबाई म्हणाल्या.

उरले हैबतराव. ते कालपासून तिथंच होते. यमुनाबाई आत गेल्या. पांढऱ्या उजेडात पुरुषांचा तो घोळका कडेकडेनं पेंगत बसला होता, जत्रेत चुकलेली पोरं एका झाडाखाली सापडावीत तसा. मध्ये थोरले. त्यांच्या अंगावर धुक्याचे थेंब जमले होते आणि पंख्याच्या झुळकीनं एकेक थेंब ओघळत होता. इतकं सुंदर काही यमुनाबाईंनी आपल्या परसात कधी पाहिलं नव्हतं. त्यांच्या छातीत ज्वाळ उठली. हे माझ्या लेकराच्या आणि माझ्या मधे आलंय.

"अहो, उठा," त्या म्हणाल्या. "तुमच्या हातानं होऊ दे. तुमचा आहे."

हैबतराव उठले. त्यांनी सर्जेरावांच्या पायाशी पडलेला कोयता उचलला, खांद्यापर्यंत नेला. हात तिथंच राहिला. कपाळावरची शीर फुगली, पण कोयता खाली येईना.

"मला कळतंय गं," ते म्हणाले. "बाईंनी सांगितलं ते सगळं कळलंय. हा वास आहे. हे माझं मन नाही, वास आहे. पण हात ऐकत नाही माझं."

बाहेर गाडीचा आवाज झाला. ती आपल्या आपण येऊन फाटकाशी उभी राहिली, गोड आवाजात म्हणाली, "केतकी, आपली गाडी आली आहे." हैबतरावांनी तो आवाज ऐकला. दाराशी केतकी बाळाला दुपट्यात गुंडाळत होती. कागदातून तिची नुसती सावली दिसत होती.

त्यांनी कोयता उलटा करून मूठ बायकोपुढे धरली.

"पहिला वार..." यमुनाबाई चाचरल्या.

"माझा झाला असं समज," हैबतराव म्हणाले. मग त्यांनी तोंड फिरवलं, आणि तोंड फिरवून दोन्ही हातांनी मोठमोठी पानं बाजूला धरली, तिला उभं राहायला जागा व्हावी म्हणून.

यमुनाबाईंच्या हाताला कुणी अडवलं नाही. तो हात त्या निरोपानं महिनोन् महिने परजला होता. पहिल्या घावाला साल ओल्या लाकडासारखी वाजली. दुसऱ्याला धार आत गेली. तिसऱ्याला आतली कोंडलेली हवा सुटली. दीर्घ, थकलेला सुस्कारा, आणि त्याबरोबर वासाची अशी लाट आली, की सगळे पुरुष एकदम हुंदके द्यायला लागले. भोपळ्याला मोठं खिंडार पडलं. आत एक केशरी खोली होती, मूल उभं राहील एवढी. तिच्यात बियांच्या माळा लोंबत होत्या आणि तिच्यात कुणीही नव्हतं.

तासाभरानं वास ओसरला. माणसं एकेक करून जागी झाली, एकमेकांकडे न बघता कपडे झटकत बाहेर पडली. सर्जेराव पडद्याशी थबकले, वेलाकडे पाहिलं, मग बांधाकडे. "आयला," ते म्हणाले, "दगड कुणी सरकवला?"

केतकी गेली नाही. गाडीला परत पाठवलं. धुकं उठेपर्यंत ती दारं-खिडक्या उघड्या टाकून ओसरीवर बसून राहिली आणि बाळ तिच्या पदराआड मान फिरवत राहिलं. इकडून तिकडे, तिकडून इकडे. मग थांबलं. यमुनाबाई चुलीशी होत्या. एवढासा, चुटुक चुटुक असा आवाज त्यांच्या कानावर आला. त्या मागे वळल्या नाहीत. दृष्ट लागेल म्हणून.

थोरल्याच्या फोडी गावभर वाटल्या. चव निव्वळ पाणी. भाजी केली ती जनावरांनी खाल्ली, घारगे केले ते गुळाच्या जिवावर संपले. स्पर्धा दुसऱ्याच कुणीतरी जिंकली. पारावर भांडणं सुरू झाली, बांधाची तारीख पुन्हा लागली. हौसाबाईंनी अर्ज मागे घ्यावा असं सर्जेरावांचं म्हणणं पडलं. हौसाबाईंचा राग वासाबरोबर उतरला होता, पण अर्जावर सही झाली होती, आणि वाचून पाहिला तेव्हा तो त्यांना राग नसतानाही बरोबरच वाटला.

हैबतरावांचं मात्र काहीच परत आलं नाही. मृण्मयीनं फोनवर सांगितलं होतं, की इतके दिवस एका वासात बुडालेलं नाक सगळ्यालाच बधिर होतं. कधी उघडेल सांगता येत नाही. त्यांना चहाचा वास येत नव्हता, फोडणीचा येत नव्हता. ते नातवाला मांडीवर घेऊन ओसरीवर बसायचे. त्याच्या टाळूला नाक लावायचे, वाट बघायचे. आत काही हलत नसे. थोरल्याशी बसल्यावर जे आपोआप भरून यायचं, त्यातलं टिपूससुद्धा नाही. मांडीवर होता नुसता एक लहान, गरम, वळवळणारा जीव, कुणाचाही असावा असा. तरी रोज घ्यायचे.

एका दुपारी केतकी बाहेर आली. बापाच्या लेंग्यावर मांडीपासून गुडघ्यापर्यंत ओला डाग पसरलेला, आणि हैबतराव अगदी ताठ बसलेले, पुतळ्यासारखे.

"बाबा! शू केलीय त्यानं तुमच्या अंगावर. केव्हाची केलीय. वास नाही आला?"

"नाही आला."

"द्या इकडे. कपडे बदला जा."

तिनं हात पुढे केले. हैबतरावांनी बाळ जरा आपल्याकडे ओढून घेतलं.

"राहू दे गं," ते हळूच म्हणाले. "आत्ताच डोळा लागलाय त्याचा."